लायटरमधली माती कशी भाजतात?



दुपारचा चहा ठेवायची वेळ झाली असेल. गॅस पेटवताना आज लायटरचा 'टक' असा आवाज जरा कान देऊन ऐका. त्या लायटरला ना सेल, ना वायर, ना चार्जिंग. तरी वर्षानुवर्षं ठिणगी पडते. ही वीज येते कुठून? सांगितलं तर हसाल. ती येते भाजलेल्या मातीच्या एका खड्यातून.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो आपल्याच एका गटाच्या बैठकीतून. गटातल्या एका मावशींनी मुलीच्या एमएससीच्या फीसाठी तीस हजारांचं कर्ज मागितलं. मुलगी कोल्हापूरला शिकते. बैठकीत कुजबूज सुरू झाली. एक जण म्हणाली, "लगीन असतं तर दिलं असतं गं. ह्यात परत येणार काय?" दुसरीनं विचारलं, "करतीय काय ती तिथं?" मावशी बिचाऱ्या खरं तेच बोलल्या, "मातीच्या गोळ्या भाजतीय म्हणं भट्टीत." सगळ्या हसल्या. मावशींचं माहेर कुंभाराचं. कोणीतरी टोमणा मारलाच, "मग त्याला कोल्हापूरला कशाला जायचं? मामाकडं धाडायची."

मावशींचा चेहरा उतरला. मलाही उत्तर देता आलं नाही. मी बीए, तेही मराठी घेऊन. मी म्हटलं, कर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवू, पोरगी सुट्टीला आली की तिलाच बोलवू. ती आली, आणि जे बोलली ते मी वहीत लिहून घेतलं. नंतर मीही थोडं वाचलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी त्या खड्याची ओळख करून घेऊ. काही पदार्थ असे असतात, की त्यांना दाबलं तर त्यांच्या दोन टोकांना वीज तयार होते. आणि उलट, त्यांना वीज दिली तर ते किंचित आक्रसतात किंवा फुगतात. मराठीत याला दाबविद्युत म्हणतात आणि इंग्रजी शब्द आहे पीझोइलेक्ट्रिक. हा गुण 1880 साली पॅरिसमध्ये पिएर क्युरी आणि जाक क्युरी या दोन भावांनी गारेच्या स्फटिकात शोधला. पुढे पिएर यांची पत्नी मारी क्युरी यांनी किरणोत्सर्ग मोजायला याच स्फटिकाचं उपकरण वापरलं, आणि 1898 साली पोलोनियम आणि रेडियम ही मूलद्रव्यं जगापुढे आली. एका बाईच्या हातात या खड्यानं पहिलं मोठं काम केलं, हे मला फार आवडलं.

पण निसर्गातला स्फटिक महाग, आणि हवा त्या आकारात मिळत नाही. 1940 च्या दशकात बेरियम टायटनेट नावाची भुकटी भाजून असाच खडा करता येतो हे कळलं. 1950 च्या दशकात शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचा त्याहून जोरकस खडा तयार झाला. त्याला पीझेडटी म्हणतात. तुमच्या लायटरमध्ये बहुतेक तोच असतो. बटण दाबलं की स्प्रिंग ताणली जाते, मग सुटते आणि एक छोटी हातोडी त्या खड्यावर आपटते. तोच 'टक' आवाज. त्या फटक्यानं क्षणभर हजारो व्होल्टची वीज तयार होते. घरच्या प्लगमध्ये 230 व्होल्ट असतात. पण लायटरची वीज इतकी थोडी आणि इतकी क्षणिक असते, की बोटाला लागली तर चिमटा बसल्यासारखं होतं, बाकी काही नाही.

आता दुसरं ठिकाण. गरोदरपणात सोनोग्राफी झाली असेल, तर पोटावर थंड चिकट जेल लावून डॉक्टरांनी एक दांडा फिरवला असेल. त्या दांड्याच्या तोंडाशी याच मातीच्या बारीक पट्ट्या असतात, बहुतेक शंभर-सव्वाशे. त्यांना वीज दिली की त्या सेकंदाला तीस-पस्तीस लाख वेळा थरथरतात. त्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज पोटात जातो, बाळावर आपटून परत येतो, त्याच पट्ट्यांना दाबतो, आणि त्या दाबाची वीज होऊन पडद्यावर चित्र उमटतं. बाळाचे ठोके ऐकवणारं डॉप्लर यंत्रही असंच चालतं.

म्हणजे हा खडा नीट भाजला नसेल, तर चित्र अंधूक येईल. बाळ आडवं आहे का, पाणी कमी आहे का, वार कुठे आहे, हे कळायला उशीर होईल. गोळ्या भाजण्याच्या त्या कामाची किंमत आपल्यापर्यंत येते ती अशी.

आता भाजण्याकडे येऊ. भाजणं म्हणजे नक्की काय होतं?

कराडजवळच्या ओगलेवाडीचं नाव तुम्हाला माहीत आहे. तिथल्या काच कारखान्याच्या प्रभाकर कंदिलानं एके काळी कितीतरी घरं उजळली. काचेचं काम म्हणजे वाळू आणि क्षार वितळवून त्यांचा रस करायचा आणि त्या रसाला आकार द्यायचा. वीट तशी नसते. कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या आपण रोज बघतो. वीट वितळली तर ती फुकट गेली. आकार तोच ठेवून, आच लागून मातीचे कण एकमेकांना चिकटले पाहिजेत. कच्ची वीट पाण्यात विरघळते, भाजलेली विरघळत नाही, कारण कण एकजीव झालेले असतात. वितळू न देता भुकटी भाजून एकजीव करायची, यालाच शास्त्रात सिंटरिंग म्हणतात. कुंभार हे हजारो वर्षं करत आला आहे.

मावशींची लेक बेरियम टायटनेटवर काम करते. तिची कृती ऐका. दोन भुकट्या अगदी मोजून घ्यायच्या, खलात तासन्‌तास घोटायच्या, एकदा भाजायच्या. त्या भाजण्यात दोन्ही मिळून नवा पदार्थ होतो. तो पुन्हा घोटायचा. मग थोडा डिंकासारखा पदार्थ घालून साच्यात दाबून गोळ्या करायच्या. लाडू वळताना तूप घालतो ना, तसं. मग गोळ्या भट्टीत ठेवायच्या आणि तेराशे अंशांच्या वर न्यायच्या. आपल्या विटा साधारण हजार अंशांच्या आसपास भाजतात, त्यापेक्षाही जास्त. गोळी आत जाताना बारा मिलिमीटर असली, तर बाहेर येताना दहाच्या आसपास होते. कण जवळ आले, मधल्या पोकळ्या बुजल्या, म्हणून ती आक्रसते.

तिची पहिली खेप पूर्ण वाया गेली. भट्टीची पाळी एकच दिवस मिळाली होती, म्हणून तिनं घाईनं आच वाढवली. गोळ्या तडकल्या. आत घातलेला डिंक जळून वायू झाला आणि त्याला हळूहळू बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. ती रडवेली होऊन घरी आली, तेव्हा आजोळी तिची आजी म्हणाली, "कच्चं मडकं एकदम जाळात घातलं तर फुटणारच की! आधी धुरी दे, मग जाळ दे." पुढच्या वेळी तिनं पाचशे-सहाशे अंशांपर्यंत अगदी सावकाश आच वाढवली. एकही गोळी तडकली नाही. हे सांगताना ती आईकडे बघत होती, आणि बैठकीत आता कोणी हसत नव्हतं.

पण न तडकलेली गोळी म्हणजे चांगली गोळी असं नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, पोकळी. नीट आच लागली नाही तर आत बारीक छिद्रं राहतात. वीट विकत घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून बघतो. खणखणीत वाजली तर पक्की, भद्द वाजली तर कच्ची. खड्याचंही तसंच. छिद्रं जास्त असली तर दाब सगळीकडे सारखा पोचत नाही आणि वीज कमी येते. त्याहून मोठा दाबाचा विजेचा झटका दिला तर छिद्राशीच खडा फुटतो. सोनोग्राफीच्या दांड्यासाठी तर खडा कापून पातळ पट्ट्या करतात. पोकळ्या असल्या तर कापतानाच तुकडे पडतात.

दुसरी, दाणा. भाजताना कण चिकटतात, तसे ते मोठेही होतात. लहान दाणे मोठ्यात विरतात. तुपाचं बघा ना, गार होताना कधी बारीक कणीदार होतं, कधी मोठे खडे धरतं. बेरियम टायटनेटमध्ये दाणा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे साधारण एक मायक्रॉन असला, तर खडा सगळ्यात चांगला वागतो. जास्त वेळ जास्त आचेवर ठेवलं की दाणे फुगतात, वीज कमी होते आणि खडाही ठिसूळ होतो.

आता पेच बघा. पोकळ्या बुजवायला आच जास्त हवी. दाणा लहान ठेवायला आच कमी हवी. भाकरीसारखंच आहे हे. आतून शिजायला वेळ द्यावा तर वरून करपते. सिंटरिंगच्या सगळ्या नव्या पद्धती म्हणजे हा पेच सोडवण्याचे वेगवेगळे मार्ग.

साध्या भट्टीत बाहेरून आच लागते आणि तास-दोन तास ठेवावं लागतं. स्वस्त, सोपी, पण दाणा हातात राहत नाही.

दोन टप्प्यांच्या पद्धतीत आच आधी झपकन वर नेतात आणि लगेच शेकडा अंशांनी खाली आणून बराच वेळ मंद ठेवतात. वरच्या आचेनं कण धरतात आणि खालच्या आचेवर पोकळ्या बुजतात, पण दाणा वाढत नाही. भात उकळी येईपर्यंत मोठ्या आचेवर ठेवून नंतर वाफेवर मुरवतो, तसंच हे. ही युक्ती 2000 साली शास्त्रज्ञांनी नीट मांडली.

मायक्रोवेव्ह भट्टीत आच आतूनच तयार होते. काम लवकर उरकतं, दाण्याला फुगायला वेळच मिळत नाही.

आणखी एका पद्धतीत भुकटी साच्यात दाबून धरतात आणि साच्यातूनच वीज सोडतात. काही मिनिटांत खडा घट्ट होतो. पण साचा काळ्या शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटचा असतो आणि आत हवा नसते. त्यामुळे खड्यातला थोडा प्राणवायू निघून जातो आणि तो काळपट पडतो. मग तो पुन्हा हवेत भाजून घ्यावा लागतो. मावशी पटकन म्हणाल्या, "आव्याला हवा नाही मिळाली की मडकी काळीच निघतात." पोरगी म्हणाली, "तेच कारण आहे, आई."

आणि अगदी नवी पद्धत म्हणजे थंड सिंटरिंग. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या विद्यापीठात 2016 च्या सुमारास ती पुढे आली. भुकटीत थोडं पाणी किंवा द्रावण घालून जोरात दाबायचं आणि तीनशे अंशांच्या आतच काम भागवायचं. इंधन किती वाचेल, विचार करा. पण ती सगळ्या पदार्थांना अजून सारखी लागू पडलेली नाही.

पद्धतीनं फरक किती पडतो? खड्याची ताकद मोजायचं एक माप आहे, आपण त्याला गुण म्हणू. साध्या भट्टीतल्या बेरियम टायटनेटला साधारण 190 गुण मिळतात. जपानमधल्या संशोधकांनी 2006 साली तोच पदार्थ मायक्रोवेव्हनं भाजला, तर 350 गुण आले. 2007 साली दोन टप्प्यांनी भाजल्यावर 460 आले. भुकटीही त्यांनी अतिशय बारीक घेतली होती, हे खरं. पण पदार्थ तोच. भाजणारणीचा हात बदलला की भाकरी बदलते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तिसरी बघायची गोष्ट म्हणजे काय उडून जातं ती. पीझेडटीमध्ये शिसं असतं, आणि बाराशे अंशांना त्यातलं शिसं वाफ होऊन उडतं. ते उडालं की मिश्रणाचं प्रमाण बिघडतं आणि खडा कमजोर होतो. म्हणून गोळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवतात आणि भोवती शिसं असलेलीच भुकटी पसरतात. आत शिशाची वाफ आधीच भरलेली असली की गोळीतली वाफ बाहेर पडत नाही. आणि ही वाफ विषारी असते. भट्टीवर काम करणाऱ्याच्या अंगात ती जाऊ नये म्हणून मोठी काळजी घ्यावी लागते. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार वाईट. म्हणूनच जगभर बिनशिशाचा खडा शोधायची धडपड चालली आहे, आणि मावशींची लेक त्याच रांगेतली एक आहे.

मग पोकळ्या नेहमी वाईटच का? नाही. माठाला बारीक छिद्रं असतात म्हणून पाणी गार राहतं. लोणच्याच्या बरणीला मात्र छिद्र चालत नाही. पुण्याला पाषाण भागात संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधनाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या पीझेडटीवरही काम केलं आहे. पाण्याखालचे आवाज टिपायला असा हलका, सच्छिद्र खडा बरा पडतो, कारण पाण्यातून येणारा आवाज त्यात सहज शिरतो. अशा पोकळ्या करायला भाजताना जळून जाईल असा पदार्थ आधी मिसळून ठेवतात. कुंभार मातीत राख आणि लीद घालतो, तिची आठवण झाली ना? कशासाठी भाजायचं ते ठरलं की मग कसं भाजायचं ते ठरतं.

भाजून झालं तरी खडा लगेच कामाला येत नाही. त्याच्या आत असंख्य छोटे भाग असतात आणि प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. वारीत लोणंदला मुक्कामाच्या माळावर माणसं कशीही बसलेली असतात. पालखी निघाली की सगळ्यांची तोंडं पंढरपूरकडे वळतात. तसंच खड्याला दोन्ही बाजूंनी चांदीचा लेप लावून, गरम तेलात ठेवून, मोठ्या दाबाची वीज देतात. मग सगळ्या भागांची तोंडं एका दिशेला होतात. नंतरच दाबल्यावर वीज येते.

पण खडा पुन्हा फार तापला तर ही दिशा मोडते. बेरियम टायटनेट 120 अंशांपाशीच सगळं विसरतं. पीझेडटी साधारण 350 अंशांपर्यंत तग धरतं. ही मर्यादा पिएर क्युरी यांच्या नावानंच ओळखली जाते. शिसं वाईट असूनही ते अजून का वापरात आहे, त्याचं हे एक मोठं कारण.

यातून आपल्या घरासाठी काय घ्यायचं? लायटर जळत्या शेगडीच्या कडेला ठेवू नका. टक आवाज येतो पण ठिणगी दिसत नसेल, तर आधी टोक कोरड्या फडक्यानं पुसा. ओल आणि तेलकटपणा हे बहुतेक वेळा कारण असतं. लायटर कायमचा बंद पडला तर फोडून आतला खडा मुलांच्या हातात खेळायला देऊ नका, कचऱ्यात जाळू नका. जुने मोबाइल आणि सेल ज्याला देता, त्यालाच द्या.

आणखी एक गोष्ट, बोलायला जड जातं पण बोलते. सोनोग्राफीचा खडा फक्त थरथरतो आणि ऐकतो. पोटात मुलगा आहे की मुलगी, हा प्रश्न त्याचा नाही. तो प्रश्न माणसं विचारतात. गर्भलिंग निदानावर बंदी आणणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, 1988 साली केला, आणि देशाचा कायदा 1994 साली आला. तरी आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात मुली कमी का झाल्या, हे आपण सगळ्या जाणतो. यंत्र बाळ-बाळंतिणीचा जीव वाचवायला आहे. कोणी त्याचा दुसरा उपयोग करायला सांगत असेल, तर नाही म्हणायचं, आणि एकटीला जमत नसेल तर गटानं तिच्या मागे उभं राहायचं.

त्या बैठकीचं राहिलंच. पोरीचं बोलणं संपल्यावर टोमणा मारणारीच पहिल्यांदा बोलली. तिच्या सुनेला सातव्या महिन्यात त्रास झाला होता. सोनोग्राफीत वेळेवर कळलं म्हणून दोघी वाचल्या, सून आणि नात. ती म्हणाली, "मला वाटलं होतं ते सगळं डॉक्टरचंच असतंय. त्यात मातीबी असती व्हय!" मग तिनंच कर्जाला अनुमोदन दिलं. तीस हजार मंजूर झाले, गटाच्या नेहमीच्या व्याजानं, नेहमीच्या हप्त्यानं. सूट कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही. मावशी दर महिन्याला हप्ता भरतात. एकदा तीन दिवस उशीर झाला, त्याचा दंडही त्यांनी भरला.

परवा त्या मला बाजारात भेटल्या. लेकीच्या नव्या गोळ्यांना पहिल्यापेक्षा जास्त गुण आले आहेत म्हणाल्या. किती, ते त्यांना सांगता आलं नाही. पण आच कशी वाढवायची हे तिला आजीनं सांगितलं, हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगितलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोणाची लेक काय शिकते आहे, ते तिला एकदा बैठकीत बोलवून विचारा. आपल्याला कळणार नाही असं आधीच ठरवू नका. चूल, आवा आणि वीटभट्टी बघितलेल्या बाईला त्यातलं बरंच आधीपासून कळलेलं असतं.

चहा उकळला असेल आता. गॅस बारीक करा. भेटूया पुढच्या आठवड्यात. नमस्कार!